छायाचित्रातला खरा रंग



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभा राहिला की बोनस, महागाई भत्ता आणि संप यांपलीकडे तो काही बोलेल अशी अपेक्षा सहसा कोणी करीत नाही. म्हणूनच आजचा विषय पत्रिकेत वाचून काही मित्रांनी मला विचारले, "अण्णा, कॅमेऱ्याचे दुकान कधी काढले?" दुकान काढलेले नाही. पण या विषयाच्या नादी मी का लागलो ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे बोलणे हौसेखातर केलेले वाटेल.

काही वर्षांपूर्वी आमच्या रंगखात्यातील एक सहकारी वारला. शोकसभेसाठी त्याचा फोटो हवा होता. एकाच्या मोबाइलमध्ये तो सापडला. आम्ही तो मोठा करून घेतला, चौकटीत बसवला आणि हार घालून टेबलावर ठेवला. त्याची म्हातारी आई पुढे आली. बराच वेळ ती फोटोकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "ह्यो माझा ल्योक न्हवं. माझा ल्योक काळा हुता." फोटो त्याचाच होता. पण मोबाइलने त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसल्या होत्या, कपाळावरचा भाजल्याचा डाग नाहीसा केला होता आणि मूळच्या काळ्या कातडीवर गव्हाळ रंगाचा हात फिरवला होता. बावीस वर्षे उकळत्या पाण्यापाशी काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर त्या बावीस वर्षांची एकही खूण राहिली नव्हती. मरणानंतर माणसाजवळ त्याचा चेहरा तेवढा उरतो, आणि तोही आम्ही त्याला नीट दिला नाही, हे मला लागून राहिले.

त्यानंतर कोणीतरी सांगितले की, खरा, नैसर्गिक रंग हवा असेल तर जुना डिजिटल कॅमेरा घ्यावा आणि त्याला त्याहूनही जुने भिंग लावावे. मी २००६ सालचा सहा मेगापिक्सेलचा एक पेंटॅक्स कॅमेरा आणि एक जुने रशियन भिंग, अशी जोडी स्वस्तात मिळवली. ही समजूत खरी की खोटी, हे पडताळताना जे वाचले त्यातून आजचे व्याख्यान तयार झाले आहे. मी शाळेत फार शिकलेलो नाही, परंतु नगर वाचनालयाच्या बाकावर बसून जे शिकता येते ते शिकलो आहे.

रंगखात्यात काम केलेल्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही, ती म्हणजे रंग हा वस्तूला कायमचा चिकटलेला नसतो. ट्यूबलाइटखाली नमुन्याशी तंतोतंत जुळलेली शेड उन्हात नेली की जुळत नाही. म्हणून जुना रंगारी कापडाचा तुकडा हातात घेऊन दारापाशी जातो आणि उजेडात धरून पाहतो. कापड, उजेड आणि डोळा या तिघांच्या संगनमताने रंग ठरतो. कॅमेऱ्यात या तिघांच्या जोडीला आणखी तीन येतात: भिंग, रंग टिपणारा पडदा आणि शेवटी हिशेब करून 'हाच खरा रंग' असे ठरवणारा माणूस. या तिघांचा इतिहास क्रमाने पाहू.

प्रथम रंग टिपण्याची कथा. १७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने एक प्रयोग दाखवला. एका चौकटीदार फितीची तीन छायाचित्रे त्याने थॉमस सटन या छायाचित्रकाराकडून काढवून घेतली होती: एक तांबड्या गाळणीतून, एक हिरव्या आणि एक निळ्या. ती तिन्ही काळी-पांढरी चित्रे त्याच रंगांच्या उजेडाने पडद्यावर एकावर एक पाडली, आणि फीत रंगीत दिसली. तीन रंगांच्या मिश्रणातून बाकीचे रंग उभे करता येतात, हे सिद्ध झाले. गंमत अशी की, त्या काळच्या रासायनिक लेपाला तांबडा प्रकाश जवळजवळ कळतच नव्हता! मग तांबडे चित्र उमटले कसे? याचा उलगडा शंभर वर्षांनी, १९६१ साली, कोडॅकच्या संशोधकांनी केला. फितीवरचा तांबडा रंग आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करीत असावा, आणि लेपाने टिपले ते हे किरण. म्हणजे जगातील पहिल्या रंगीत छायाचित्रातला तांबडा रंग हा मुळात तांबड्याचा बदली कामगार होता. काम झाले, परंतु हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागली.

पुढचे पाऊल फ्रान्समधील ल्यों शहरी ल्युमिएर बंधूंनी टाकले. यांचे नाव आपल्याला परके नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातील पहिले चलच्चित्र दाखवले गेले ते यांच्याच यंत्रावर. या बंधूंनी १९०७ साली 'ऑटोक्रोम' नावाची रंगीत काच बाजारात आणली. तिची कृती ऐकून सुगरणीलाही नवल वाटेल. बटाट्याच्या पिठाचे सूक्ष्म कण तीन रंगांत रंगवायचे: नारिंगी-तांबड्या, हिरव्या आणि जांभळट. ते एकत्र कालवून काचेवर एक पदर पसरायचा, मधल्या फटी काजळीने बुजवायच्या आणि त्यावर प्रकाश टिपणारा लेप द्यायचा. प्रत्येक कण आपल्यापुरती गाळणी. तीन वेगळी चित्रे काढण्याची गरज संपली. एकाच काचेवर तिन्ही रंग शेजारी शेजारी नांदू लागले.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, आपल्या खिशातील मोबाइलमध्येही मूळ युक्ती तीच आहे. कोडॅक कंपनीतील ब्राइस बेयर या संशोधकाला १९७६ साली एका रचनेचे पेटंट मिळाले. प्रकाश मोजणाऱ्या चिमुकल्या घरांवर रंगीत गाळण्या बसवायच्या. चार घरांमागे दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. हिरव्या दोन अशासाठी की, आपल्या डोळ्याला उजेडातील बारकावे हिरव्या भागात अधिक कळतात. आता ध्यानात घ्या: प्रत्येक घर एकच रंग मोजते. बाकीचे दोन रंग ते कोठून आणते? शेजाऱ्यांकडे चौकशी करून अंदाजाने भरते. म्हणजे साध्या डिजिटल छायाचित्रातील रंगांचा दोन-तृतीयांश हिशेब हा मोजलेला नसून काढलेला असतो. अंदाज बहुधा चांगला असतो, हे मान्य. पण ज्याला आपण निसर्गाची हुबेहूब नक्कल म्हणतो ती पहिल्या पायरीपासून माणसाने मांडलेली बेरीज-वजाबाकी आहे.

आता दुसरा साथीदार, भिंग. इथे मात्र माझ्यातला संघटनेचा माणूस जागा होतो, त्याला माझा नाइलाज आहे.

साध्या भिंगात एक मूळचा दोष असतो. लोलकातून उजेड गेला की त्याचे रंग फाकतात, तसेच ते भिंगातही फाकतात. निळा किरण अलीकडे एकवटतो, तांबडा पलीकडे. म्हणून वस्तूच्या कडांना रंगाची झालर दिसते. हा दोष पुरता घालवायचा तर निरनिराळ्या गुणांच्या काचा जोडाव्या लागतात, आणि त्यासाठी हव्या तशा सगळ्या काचा एकोणिसाव्या शतकात बराच काळ मिळत नव्हत्या. जर्मनीतील जेना गावी कार्ल त्साइस याचा सूक्ष्मदर्शकाचा कारखाना होता. तेथे १८६६ पासून एर्न्स्ट आबे हा गणिती काम करू लागला. त्यांनी ओटो शॉट या काचतज्ज्ञाला हाताशी धरले आणि १८८४ साली जेनामध्ये नव्या काचेचा कारखाना उभा राहिला. त्या काचांतून १८८६ साली आबेने सूक्ष्मदर्शकासाठी असे भिंग सिद्ध केले की, त्यात तिन्ही मुख्य रंग जवळजवळ एका जागी एकवटले. त्याच कारखान्यात पाउल रुडॉल्फ याने १८९६ साली 'प्लानार' आणि १९०२ साली 'टेसार' ही कॅमेऱ्याची भिंगे घडवली. आज जगभर वापरात असलेली कितीतरी भिंगे याच घराण्यातली आहेत.

हा आबे होता कोण? आयझेनाख गावच्या सूतगिरणीतील एका कामगाराचा मुलगा. त्याचा बाप दिवसाला चौदा ते सोळा तास उभ्याने काम करी. लहानगा आबे जेवणाचे भांडे घेऊन जाई तेव्हा बाप यंत्राला टेकून घाईघाईने जेवी, रिकामे भांडे परत देई आणि लगेच कामाला लागे. ही आठवण आबेने पुढे स्वतःच सांगितली आहे. कारखान्याची मालकी हाती आल्यावर त्याने १८८९ साली कार्ल त्साइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि आपला हिस्सा त्याच्या हवाली केला. १८९६ च्या घटनेत त्याने भरपगारी रजा, निवृत्तिवेतन आणि नफ्यातील वाटा या गोष्टी लिहून ठेवल्या. सर्वांत वरच्या अधिकाऱ्याचा पगार कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दहा पटींहून अधिक असू नये, असाही नियम घातला. १९०० साली त्याने कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि हिशेब ठेवला. दर तासाचे काम सुमारे १६ टक्क्यांनी वाढले. आठ तासांत नऊ तासांहून थोडे अधिकच काम होऊ लागले.

ज्या १८८४ साली जेनाची काच तयार होऊ लागली, त्याच साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा भरवून आठवड्यातून एक दिवस सुटी मागत होते. ती रविवारची सुटी मिळाली १० जून १८९० रोजी. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आपल्या कायद्यात आली ती १९४६ साली. दोन गावे, दोन देश. एकाने दुसऱ्याचे नावही ऐकले नसेल. पण भिंग स्वच्छ व्हावे म्हणून झटणाऱ्या माणसाला ते घासणाऱ्याचे डोळे आणि पाठ आठवावी, ही गोष्ट मला त्या भिंगाइतकीच मोलाची वाटते. अर्थात चित्राला एकच रंग देणे बरे नव्हे. याच जेनामध्ये दुसऱ्या महायुद्धात सक्तीने आणलेल्या मजुरांकडून काम करून घेतले गेले. चांगली घटना लिहून ठेवली म्हणजे ती आपोआप पाळली जाते असे नाही. तिच्यावर पहारा लागतो.

भिंगाचा आणखी एक दोष होता. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून चार ते पाच टक्के उजेड परत फिरतो. प्लानारला असे आठ पृष्ठभाग. म्हणजे पाव हिश्श्याहून अधिक उजेड वाया जायचा आणि त्यातला काही आतल्या आत भटकून चित्रावर धुरकट पडदा धरायचा. या रोगाचे औषध प्रथम जुनेपणानेच दाखवले. १८९० नंतरच्या काळात इंग्लंडमधील डेनिस टेलर या भिंगकाराच्या लक्षात आले की, हवेने काळवंडलेल्या जुन्या भिंगातून नव्यापेक्षा अधिक उजेड पार होतो! काचेवर आपोआप चढलेला पातळ थर परावर्तन कमी करीत होता. १९३५ साली त्साइसमधील अलेक्झांडर स्माकुला याने असा थर मुद्दाम चढवण्याची रीत शोधली, आणि युद्ध जवळ आल्याने ती लष्करी गुपित म्हणून राखली गेली.

युद्ध संपले तेव्हा जेनामध्ये आधी अमेरिकन सैन्य पोचले. जाताना त्यांनी निवडक शास्त्रज्ञ बरोबर नेले, आणि पश्चिमेत ओबरकोखेन येथे दुसरा त्साइस कारखाना उभा राहिला. मागून आलेल्या रशियनांनी यंत्रे हलवली आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये अनेक तंत्रज्ञ कुटुंबांसह रशियात नेले. मी घेतलेले भिंग 'हेलिओस' हे याच उलथापालथीचे अपत्य. त्साइसच्या 'बिओटार' भिंगाची ती रशियन आवृत्ती, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथे आणि इतरत्रही लाखोंच्या संख्येने निघालेली, आणि म्हणून आजही गरिबाच्या खिशाला परवडणारी.

आता मूळ प्रश्न. अशा जुन्या भिंगातून खरोखर नैसर्गिक रंग मिळतो का? अर्धे खरे, अर्धे समजुतीचे. त्याचा लेप आजच्या मानाने साधा, म्हणून थोडा उजेड आत भटकतो आणि सावल्या मऊ होतात. रंग भडक न होता शांत दिसतात. डोळ्याला ते बरे वाटते, पण तो भिंगाचा दोषच आहे, आपल्याला मानवलेला. काही जुन्या भिंगांत थोरियम मिसळलेली काच असते. ती वर्षानुवर्षांनी पिवळी पडते आणि सगळ्या चित्राला हळद लावते. काही आठवडे उन्हात ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. जुने ते सोने हे खरे, परंतु प्रत्येक पिवळे सोने नसते.

जुन्या कॅमेऱ्याचेही तसेच. विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 'सीसीडी' नावाचा प्रकाशसंवेदक कल्पिला. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७५ साली कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने त्यावर पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा बनवला. दहा हजार ठिपक्यांचे काळे-पांढरे चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. ज्या कंपनीच्या घरात हे बाळ जन्मले तिच्याकडे १९८८ साली सुमारे १,४५,००० लोक कामाला होते. २०१२ साली तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. नवे यंत्र कोणाच्या पोटावर येणार याचा विचार यंत्र शोधणाऱ्याने केला नाही तर तो कामगाराला करावा लागतो, हे आपण मागांच्या बाबतीत पाहिलेच आहे.

पुढे सीसीडी मागे पडून 'सीमॉस' जातीचे संवेदक आले. सीसीडीचा रंग खरा आणि सीमॉसचा खोटा, असे पुष्कळ शौकीन मानतात. शास्त्र तसे म्हणत नाही. संवेदक कोणत्याही जातीचा असो, तो फक्त उजेड मोजतो. रंग ठरतो तो वरच्या गाळण्यांवरून आणि नंतरच्या हिशेबावरून. जुन्या कॅमेऱ्यांनीही चुका केल्याच. २००६ साली आलेल्या लायका एम-८ या सीसीडी कॅमेऱ्यात, जुन्या-नव्या भिंगांच्या तिरप्या किरणांसाठी संवेदकावरची अवरक्त-रोधक काच पातळ ठेवली होती. परिणाम असा की, कृत्रिम धाग्याचे काळे कापड त्यात जांभळे दिसे, कारण असे कापड डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. शेवटी कंपनीने ग्राहकांना भिंगावर लावायच्या गाळण्या पुरवल्या. आमच्या खात्यात असे झाले असते तर अख्खा लॉट परत आला असता!

मग जुन्या कॅमेऱ्यात मला काय मिळाले? दोन गोष्टी. एक म्हणजे, कमी उजेडात तो लवकर दमतो, म्हणून तो मला माणसाला दारापाशी, चांगल्या उजेडात आणायला लावतो. म्हणजे जुन्या रंगाऱ्याचीच शिस्त. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तो चेहरा ओळखीत नाही, कातडी गुळगुळीत करीत नाही, न विचारता कोणाला गोरा करीत नाही. मोजलेला उजेड तो कच्च्या नोंदीच्या स्वरूपात माझ्या हवाली करतो आणि निर्णय माझ्यावर सोडतो.

हा निर्णय म्हणजेच तिसरा साथीदार, आणि खरा प्रश्न इथेच आहे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळेत रंग जुळवण्यासाठी कोडॅक एक नमुन्याचे चित्र पाठवीत असे. त्यावर एक गोरी स्त्री असे. त्याला 'शर्ली कार्ड' असे नाव पडले. तिची कातडी बरोबर उमटली की यंत्र बरोबर, असा दंडक. काळ्या माणसाचा चेहरा त्या मापात बसत नसे. गोऱ्यांच्या शेजारी त्याला उभे केले तर डोळे आणि दात तेवढे दिसत. काळ्या मुलांच्या आईबापांच्या तक्रारी होत्या. पण कंपनीच्या लोकांच्या आठवणींप्रमाणे गडद रंगांच्या छटा सुधारण्याची निकड भासली ती चॉकलेट बनवणाऱ्यांनी आणि लाकडी सामानाच्या कारखानदारांनी तक्रार केली तेव्हा! अनेक वर्णांच्या स्त्रिया असलेली नमुना-कार्डे १९९० नंतर आली. मोबाइलच्या जगात २०२१ साली गूगलने गडद त्वचेचा रंग नीट उमटावा म्हणून आपल्या कॅमेऱ्यात सुधारणा जाहीर केल्या. प्रगती आहे, ती नाकारू नये.

पण सगळा दोष परदेशी कंपन्यांच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. लग्नासाठी दाखवायचा मुलीचा फोटो 'जरा उजळ करा' असे स्टुडिओवाल्याला सांगणारे आपणच. गहू आपल्या शेतात पिकतो आणि बाजरीही, परंतु स्थळाच्या माहितीत वर्ण लिहायचा तर तो नेहमी गव्हाळच. यंत्राने आपली ही हौस ऐकली आणि आता ती न सांगताच पुरी करते. त्या म्हातारीचा मुलगा पहिल्यांदा यंत्राने खोटा केला नव्हता.

म्हणून नैसर्गिक रंग हा जुन्या काचेत दडलेला नाही आणि नव्या संवेदकातही नाही. तो ठरवावा लागतो. आणि जे ठरवावे लागते तेथे ठरवणाऱ्यांच्या बैठकीत कोण बसले आहे, हे विचारायची मला सवय आहे. वेतनाच्या बैठकीत कामगार असावा असे आपण म्हणतो. मग त्याच्या चेहऱ्याच्या बाबतीत त्याला का विचारू नये?

आता आमच्या संघटनेच्या कचेरीत एक साधी रीत पाडली आहे. सभासदाचा फोटो दारापाशी, सावलीतल्या उजेडात काढायचा. पहिल्या चित्रात त्याच्या हाती एक पांढरा, धुतलेला, रंग न दिलेला कापडाचा तुकडा द्यायचा, म्हणजे पुढे रंग जुळवताना आधार राहतो. कच्ची नोंद जपून ठेवायची. आणि छापण्यापूर्वी तो फोटो त्याला, आणि जमल्यास त्याच्या घरच्यांना, दाखवून विचारायचे, "हाच ना तू?"

बहुतेक जण हसतात आणि हो म्हणतात. एक जण मात्र गेल्या महिन्यात म्हणाला, "हातावरचा निळा रंग दिसत नाही, तो दिसला पाहिजे." आम्ही फोटो पुन्हा काढला, हातांसकट.